फ्रीजर दुधाने भरलाय? पहिल्यांदाच दूधदान करणाऱ्या आयांसाठी

मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा आमच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये मटारची पिशवी ठेवायलाही जागा उरली नव्हती. खालपासून वरपर्यंत गोठवलेल्या दुधाच्या चपट्या पिशव्या, फाइली लावल्यासारख्या उभ्या रचलेल्या. आई तेव्हा भारतातून माझ्याकडे आली होती. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "अगं, एवढ्यात एक अख्खी अंगणवाडी जगेल की!" त्या रात्री मुलीला पाजता पाजता मी फोनवर शोधत बसले: हे दूध मेळघाटात पाठवता येईल का? नाही तर आफ्रिकेत कुठे?

तेव्हापासून हाच प्रश्न मला अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी मैत्रिणींनी विचारलाय. उत्तर आधीच सांगून टाकते. पाठवता येत नाही, आणि कुणी सोय करून दिली तरी पाठवू नये. दूध जवळच्या दूधपेढीला (आयांचं जास्तीचं दूध जमा करून, तापवून रुग्णालयातल्या बाळांना देणारी संस्था) द्यायचं आणि लांबच्या बाळासाठी वेगळं काही पाठवायचं. दोन्ही कसं करायचं ते खाली लिहिलंय. बाळ झोपलंय आणि हातात दहाच मिनिटं आहेत, असं असेल तर थेट 'पहिला फोन'पासून वाचा.

लांब का नाही

दूध परदेशी पाठवण्याचा प्रयोग होऊन गेलाय. २००६ साली अमेरिकेतल्या आयांचं गोठवलेलं दूध विमानाने दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला जायला लागलं. तिथे इथेम्बा लेथू नावाची संस्था (झुलू भाषेत 'आमची आशा') एड्सने पोरक्या झालेल्या आणि टाकून दिलेल्या बाळांसाठी एक छोटं घर चालवायची, आणि त्याला जोडून दूधपेढी. त्या काळात डर्बन ज्यात आहे त्या क्वाझुलू-नाताल प्रांतात सरकारी दवाखान्यांत तपासलेल्या दर १० गरोदर बायकांपैकी जवळपास ४ जणींना एचआयव्ही होता. अशा आईने बाळाला पाजावं की नाही, यावर डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. त्या वेळी त्या घरातल्या बाळांसाठी समुद्रापलीकडून दूध येण्याला अर्थ होता.

पण त्याच पेढीच्या उभारणीत असलेल्या संशोधक ॲना कुत्सूदिस यांनी १९९९ मध्येच डर्बनच्या आयांच्या अभ्यासातून दाखवलं होतं, की एचआयव्ही असलेल्या आईने पहिले काही महिने बाळाला फक्त अंगावर पाजलं, तर थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं असं पाजण्यापेक्षा लागण कमी होते. पुढे औषधं हाताशी आली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या आधाराने अंगावर पाजण्याचा मार्ग मोकळा केला आणि २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने पावडरचं दूध फुकट वाटणं थांबवायचं ठरवलं. केप टाउनसारख्या शहरांत तिथल्याच आयांच्या दुधावर चालणाऱ्या पेढ्याही होत्याच. म्हणजे ज्या प्रांतासाठी आपण विमानं भरत होतो, तिथल्या बहुतेक बाळांचं दूध त्यांच्या आईच्या अंगावरच होतं.

हैतीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. जानेवारी २०१० मध्ये तिथे भूकंप झाला, अमेरिकेत दूधदानाचं आवाहन झालं आणि आयांनी भराभर दूध द्यायला सुरुवात केली. मग मदतकार्य करणाऱ्या संस्थांनीच सांगितलं की दूध पाठवू नका. वीज नाही, फ्रीजर नाही, वाटायची यंत्रणा नाही. वितळलेलं दूध २४ तासांच्या आत संपवावं लागतं. कोसळलेल्या शहरात ते कोण, कुठे, कशात ठेवणार?

आणि मेळघाट? कुपोषित मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते बरगड्या दिसणारं दीड वर्षाचं पोर. त्याला घट्ट वरण-भात, अंडं, तेल-तूप, दिवसातून चार-पाच वेळा भरवणारं माणूस आणि जुलाब झाले तर औषध लागतं. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर कुठल्याच मुलाचं भागत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ सुकत असेल तर आधी आईकडे बघायचं असतं. ती स्वतः किती जेवते, कामावर कधीपासून जाते, बाळाला बाटली कुणी लावली. अशा बाळावर उपचार करताना एक साधी युक्ती वापरतात. एक बारीक नळी आईच्या स्तनाग्राजवळ चिकटवतात, तिचं दुसरं टोक वाटीतल्या दुधात सोडतात. बाळ चोखतं ते आईला, पोटात जातं ते वाटीतलं दूध. चोखल्यामुळे आईचा आटलेला पान्हा परत यायला लागतो. मग वाटीतलं दूध हळूहळू कमी करत नेतात. त्या वाटीत माझ्या गॅरेजमधलं दूध पोचवण्याची काही गरज नसते.

दूधपेढीचं दूध लागतं ते प्रामुख्याने दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या दीड किलोच्या आतल्या बाळांना, ज्यांच्या आईला अजून पुरेसा पान्हा फुटलेला नाही. या बाळांच्या आतड्यांना एक गंभीर आजार होतो, आतडं सडत जातं. वरच्या दुधावर त्याचा धोका वाढतो, आईच्या दुधावर कमी राहतो. अशी बाळं तुमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या रुग्णालयात आत्ता आहेत.

आधी आपलं बाळ

हे सांगायला लागू नये, पण लागतं. आपलं बाळ पोटभर पिऊन, वजन व्यवस्थित वाढून जे उरतं तेच दान. दान करायचं म्हणून रात्री गजर लावून जास्तीचं पंप करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्याने अंगावर दूध साकळतं, गाठी होतात, ताप येतो. बाळ चार-सहा आठवड्यांचं होऊन पाजण्याची घडी बसू दे, मग बघा काय उरतंय ते.

ज्यांचं बाळ गेलं आहे, अशा आयाही दूध देऊ शकतात, त्यांच्यासाठी बऱ्याच पेढ्या किमान प्रमाणाची अट ठेवत नाहीत. द्यावंसं वाटलं तर द्यावं, नाही वाटलं तर कुणी आग्रह करू नये. इतकंच लिहिते.

पहिला फोन

अमेरिका आणि कॅनडातल्या ना-नफा दूधपेढ्यांची एक संघटना आहे, ह्यूमन मिल्क बँकिंग असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका, १९८५ पासूनची. तिच्या संकेतस्थळावर आपल्या राज्याला सेवा देणारी पेढी सापडते. तुमच्या राज्यात पेढी नसली तरी अडत नाही. शेजारच्या राज्यातली पेढी खोकं पाठवते, कुरिअरचा खर्चही तीच करते.

फोनवर पंधरा-वीस मिनिटं प्रश्न विचारतात. काहीसे रक्तदानासारखेच: सिगारेट, दारू, गोंदण, अलीकडे रक्त चढवलंय का, कुठली औषधं चालू आहेत. थायरॉइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आपल्याला जमणार नाही असं आधीच धरून बसू नका, ती सहसा चालतात. दूध-अंडी काहीच न खाणाऱ्या आयांना बी-१२ ची गोळी घेता का, हे विचारतात.

आता आपल्या बायकांची खास अडचण. मला विचारलं, "काही हर्बल घेता?" मी ठामपणे "नाही" म्हटलं. हर्बल म्हणजे ती दुकानातली हिरव्या झाकणाची डबी, असं माझ्या डोक्यात. चार दिवसांनी सकाळी दुधात शतावरी कल्प ढवळताना चमचा हातातच थांबला. परत फोन केला. त्या बाईंनी शांतपणे सांगितलं की शतावरी, मेथीच्या कॅप्सूल, दूध वाढवायचे चहा आणि काढे हे सगळं त्यांच्या हर्बलमध्येच येतं आणि त्या काळात काढलेलं दूध त्या घेऊ शकत नाहीत. माझ्या तीस पिशव्या बाद झाल्या. (वाया नाही गेल्या, मुलीनेच प्यायल्या.) कारण सरळ आहे. नऊशे ग्रॅमच्या बाळाच्या यकृतावर त्या मुळीचा काय परिणाम होईल हे कुणी तपासलेलं नाही.

मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीची भाजी, बाळंतशोपा? स्वयंपाकात पडतं तेवढं सहसा चालतं. पण लाडवात सुंठ-मेथी किती हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, तेव्हा यादी करून पेढीला विचारा. 'बाळंतकाढा' हा शब्द इंग्रजीत सांगता येईना म्हणून गाळून टाकू नका. बाटलीवर छापलेली घटकांची यादी वाचून दाखवा.

रक्त तपासणी

एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि एचटीएलव्ही नावाचा एक विषाणू, यांच्यासाठी रक्त तपासतात. खर्च पेढीचा. शिवाय तुमच्या आणि बाळाच्या डॉक्टरांकडून एकेक पत्र लागतं. बाळाच्या डॉक्टरांचं पत्र कशाला, तर तुमचं बाळ नीट वाढतंय ना हे बघायला. या सगळ्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून फ्रीजर तुडुंब भरायची वाट बघू नका, अर्धा भरला की फोन करा. आधीपासून साठवलेलं दूधही घेतात, फक्त ते नियमाप्रमाणे काढलेलं आणि फार जुनं नसलेलं हवं.

काढणं आणि साठवणं

हात साबणाने धुवा, नखांखालीसुद्धा. पंपाचे जे भाग दुधाला लागतात ते दर वेळी गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कापडावर उघडे वाळवा. सिंकमध्ये इतर भांड्यांबरोबर टाकू नका, त्यांच्यासाठी वेगळं घमेलं ठेवा. ओट्यावरच्या फडक्याने पुसायचा मोह होतो. तेच फडकं थोड्या वेळापूर्वी कुठे फिरलं होतं ते आठवा.

ताजं दूध बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, हा आपल्या बाळाचा हिशेब. पेढीसाठी याहून लवकर गोठवा, तुमची पेढी किती तास म्हणते ते विचारून घ्या. गोठलेल्या दुधावर नुकतं काढलेलं कोमट दूध ओतायचं नाही. दिवसभरातलं थोडं थोडं एकत्र करायचं असेल तर आधी सगळं फ्रीजमध्ये सारखं गार होऊ द्या.

पिशवी काठोकाठ भरू नका. दूध गोठताना फुगतं, वर बोटभर जागा हवी. पिशवी ताटात आडवी ठेवून गोठवली की चपटी होते, मग पुस्तकासारखी उभी रचता येते. तारीख मार्करने लिहा आणि दूध भरायच्या आधी लिहा. मी पहिल्या आठवड्यात बॉलपेनने लिहिलं होतं. फ्रीजरमधल्या दमटपणाने शाई गेली आणि मला कळेना की कुठली पिशवी शतावरीच्या आधीची आणि कुठली नंतरची.

फ्रीजर उणे १८ अंशांवर असू दे. दार वारंवार उघडतं त्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजपेक्षा वेगळा डीप फ्रीजर बरा. दूध आत, मागच्या बाजूला ठेवा, दाराच्या कप्प्यात नको.

नोकरीवर जात असाल तर: डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने अमेरिकेत बहुतेक नोकरदार आयांना दूध काढायला वेळ आणि न्हाणीघर सोडून आडोशाची जागा द्यावी लागते. आपल्याकडच्या एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष डोळ्यांसमोर आणा, तसंच काहीसं. मागायला लाजू नका.

खोकं

बहुतेक पेढ्या एकूण किमान १०० औंस दूध द्यायची तयारी बघतात, काही दीडशे. आकडा ऐकून दडपण येतं. १०० औंस म्हणजे साधारण ३ लिटर, आणि ते एकदम द्यायचं नसतं. आता दुसऱ्या बाजूने बघा. एक किलोचं बाळ पूर्ण दुधावर आलं की दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर पितं. तुमच्या ३ लिटरमध्ये त्याचे २० दिवस निघतात. पहिल्या दिवसांत तर त्याला एका वेळी एक-दोन मिलिलिटरच मिळतं, नाकातून पोटात गेलेल्या नळीने.

पेढी जाड थर्माकोलचं खोकं, पत्त्याची चिठ्ठी आणि सूचना पाठवते. पिशव्या घट्ट रचा, मोकळी जागा चुरगळलेल्या कागदाने भरा. पोकळी राहिली की दूध वितळतं. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा, म्हणजे खोकं शनिवार-रविवारी गोदामात अडकत नाही. काही गावांत दवाखाना किंवा औषधाचं दुकान जमा केंद्र असतं, तिथे स्वतः नेऊन देता येतं. मला तेच बरं वाटतं.

पुढे त्या दुधाचं काय होतं

पेढीत तीन-चार किंवा अधिक आयांचं दूध एकत्र करतात, म्हणजे स्निग्धांश आणि प्रथिनं सारखी होतात. मग बाटल्या ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून लगेच थंड करतात. याने एचआयव्हीसारखे विषाणू आणि बहुतेक जंतू मरतात. संरक्षक घटकांपैकी काही जातात, पण बरेच टिकतात. त्यानंतर नमुन्यात जंतू वाढतात का बघतात. एकही वाढला तर एकत्र केलेली ती सगळी खेप ओतून देतात. तुमचा स्वच्छ हात इथे कामी येतो, कारण तुमच्या पिशवीबरोबर आणखी तिघींचं दूध असतं.

दूध एकत्र करण्यावर सगळ्यांचा विश्वास बसत नाही, आणि त्यामागे नुसतं अज्ञान नसतं. इस्लाममध्ये एका आईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, त्यांचं आपसात लग्न होत नाही. कुणाचं दूध कुणी प्यायलं हे कळलंच नाही तर? याच आक्षेपामुळे ढाक्यात २०१९ च्या अखेरीस सुरू व्हायची पेढी थांबली आणि २०२४ मध्ये कराचीतली थांबली. आपल्याला हे नातं परकं वाटू नये. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊला आपण आजही त्यांची दूधआईच म्हणतो.

पैशाचा प्रश्न

तुम्हाला पैसे मिळत नाहीत. पेढी मात्र रुग्णालयाकडून औंसाला साधारण ३ ते ५ डॉलर घेते. हे कळल्यावर काहीजणी चिडतात. ना-नफा पेढीत तो तपासणी, तापवणी आणि वाहतुकीचा खर्च असतो. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही दूध घेतात. देऊ नका असं मी म्हणत नाही, पण कुठे देतोय ते माहीत असू दे. दोन प्रश्न विचारा: तुम्ही ना-नफा आहात का, आणि माझ्या दुधाचा किती भाग कुठे जातो? 'गरीब देशातल्या बाळांसाठी' असं म्हणणारा कुणी भेटला तर दुसरा प्रश्न दोनदा विचारा.

कारण दुधाचा प्रवाह उलटाही वाहतो. कंबोडियात गरीब आयांचं दूध विकत घेऊन ते अमेरिकेत विकलं जात होतं. २०१७ मध्ये कंबोडियाच्या सरकारने ही निर्यात बंद केली. भारतात मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट केलं की मानवी दूध विकायला परवानगी नाही. इंटरनेटवर कुणाला परस्पर दूध विकणं किंवा विकत घेणं यापासून लांब राहा. तिथे ना रक्त तपासलेलं असतं, ना बाटली.

बाळंतपणाला किंवा बाळ घेऊन माहेरी गेलात तर

विमानातून गोठवलेलं दूध न्यायचा विचार सोडा. कोरडा बर्फ प्रवाशाला अडीच किलोपर्यंतच नेता येतो, तोही विमान कंपनीच्या परवानगीने, आणि तिकडे उतरल्यावर ते घेणार कोण? तिथे असताना तिथलं द्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. बाळंतिणींच्या कक्षात परिचारिका फिरतात, ज्या आईला जास्त दूध आहे तिला हाताने किंवा पंपाने काढायला शिकवतात आणि ते त्याच इमारतीतल्या काचेच्या पेटीतल्या बाळाला जातं. बाळंतपण ज्या रुग्णालयात आहे तिथे किंवा जवळपास पेढी आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

मग लांबच्या बाळासाठी काय

ब्राझीलकडे बघा. तिथे दोनशेहून जास्त दूधपेढ्या आहेत, रिकाम्या कॉफीच्या प्लॅस्टिक झाकणाच्या काचेच्या बरण्या उकळून त्यात दूध जमा करतात आणि काही शहरांत अग्निशमन दलाचे जवान घरोघर जाऊन बरण्या उचलतात. आफ्रिकेतल्या केप व्हर्दे या बेटांच्या देशाला मदत करायची वेळ आली तेव्हा त्यांनी दूध पाठवलं नाही. माणसं शिकवली, यंत्रं बसवून दिली, आणि २०११ मध्ये प्राइया शहरात तिथल्याच आयांच्या दुधावर चालणारी पेढी उभी राहिली. पुढे मोझांबिकलाही अशीच मदत झाली.

आपण यंत्रं बसवू शकत नाही, पैसे पाठवू शकतो. मी शोधते ती संस्था वाटीतली नळी लावायला शिकवणारी, बाळंतपणानंतर पहिल्या तासात बाळाला आईच्या अंगावर देणारी, घरी जाऊन बाळाचं वजन करणारी असते. आपल्याकडे गडचिरोलीत 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू किती खाली आणता येतात ते नव्वदच्या दशकात दाखवलं. मेळघाटात 'महान', मुंबईच्या वस्त्यांत डॉ. फर्नांडिस यांचीच 'स्नेहा' काम करते. पावडरचे डबे पाठवायची मोहीम मात्र कुणी काढली तर तिथे वर्गणी देऊ नका. डबा संपतो तोवर आईचं दूध आटलेलं असतं, आणि बाटली धुवायला चांगलं पाणी नसतं.

थांबायचं कधी

बहुतेक पेढ्या बाळ दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत दूध घेतात. त्याआधी तुम्हाला कंटाळा आला तर तेही कारण पुरे आहे. फक्त एका दिवसात पंप बंद करू नका. दर तीन-चार दिवसांनी एक वेळ कमी करा, राहिलेल्या वेळी दोन-दोन मिनिटं कमी. छाती दगडासारखी झाली तर ताण कमी होण्यापुरतंच काढा, रिकामी करू नका, आणि गार पाण्याची पट्टी ठेवा. ताप आला, लाल चट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. शेवटचं खोकं गेल्यावर पेढीला तसं कळवा, म्हणजे त्या पुढचं रिकामं खोकं दुसऱ्या कुणाला पाठवतील. माझं शेवटचं खोकं गेलं त्या संध्याकाळी मटार परत आत गेले.